इंजिनमागचा दोरा

"मग इंजिन बाहेर हाय तवर तू केलंस काय?"

केरबा वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

"सगळं केलं की, वस्ताद."

"सगळं म्हंजे?"

उत्तमला हेच हवं होतं. त्यानं हात पुसले आणि फडकं खांद्यावर टाकलं. आता तासभर तरी सुटका नाही, हे ओळखून मी लाकडी खोक्यावर बूड टेकलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी लेथची शेड आणि उत्तम चौगुलेचं गॅरेज भिंतीला भिंत लावून आहे. जुन्या मोटारी जिवंत करणारा माणूस म्हणून त्याचं नाव पार बेळगावपर्यंत गेलंय. ते नाव दिवसभर त्याच्याच तोंडून ऐकायची सोय मला आहे. पण हाताला तोड नाही, हे मी त्याच्या माघारी मान्य करतो.

हा हात त्याला वस्तादांनी दिला. वस्तादांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी किल्ली उत्तमच्या हातात ठेवली आणि ते वडणग्याला घरी जाऊन बसले. एक रिवाज मात्र राहिला. कुठल्याही गाडीत इंजिन परत बसवायचं, तर आधी वस्तादांना आणायचं. ते बघणार आणि म्हणणार, "सोड." मग इंजिन टांगलेली साखळी खाली सोडायची. त्याआधी नाही.

आज साखळीवर लटकत होतं ते शिरगावकर डॉक्टरीणबाईंच्या काळ्या मोटारीचं इंजिन.

डॉक्टरीणबाईंनी अर्धी पेठ जन्माला घातली. उत्तमची पोरगीही त्यांच्याच हातची. आता त्यांचं वय झालंय. कोकणात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलीय. दिवाळी झाली की तिला भेटायला जायचं, आणि जायचं ते आपल्याच मोटारीतून, गगनबावड्याचा घाट उतरून, असं बाईंनी ठरवलं होतं. गाडी उत्तम चालवणार होता. मागच्या सीटवर बाईंच्या शेजारी उत्तमची बायको आणि पोरगी बसणार होती. पोरीनं समुद्र बघितला नव्हता.

बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं. इंजिनची जागा रिकामी होती, आणि उत्तमनं ती आतून अशी रंगवली होती की वाकलं तर तोंड दिसावं.

"क्लच प्लेट नवी घातली," उत्तमनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "तिचं बेअरिंग नवं. गिअरबॉक्सचं सील गळत हुतं, त्ये बदललं. इंजिन टेकतंय त्या फाउंडेशनचं रबर पार पाव झालं हुतं, ते नवं बसवलं. वायरिंग सगळी नवी वढली. स्टेरिंगचं सांधं उघडून ग्रीस भरलं. इंजिन आत आसताना जितं हात जात न्हाई, तितं तितं गेलो वस्ताद. एक जागा सोडली न्हाई."

"बरं."

"आनि रंग बघा की."

"बघितला..."

वस्ताद उठले. अनवाणीच होते. शेडच्या उंबऱ्यावर चपला काढून, उंबऱ्याला हात लावून मगच ते आत येतात. उत्तमनं धरायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. गाडीच्या पुढच्या अंगाला येऊन ते वाकले.

"इंजिन आत आसताना जितं हात जातोय, तितलं काय?"

"म्हंजे?"

"काय न्हाई. ब्रेक?"

"ओक्के."

"कशावरनं?"

उत्तम हसला. "वस्ताद, मी हाय की."

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले...

"पॅडल जरा खोल जातंय," उत्तम म्हणाला. "पन दोनदा दाबलं की धरतंय. मधनं मधनं ऑइल कमी हुतंय, तेवढं वरनं घालतो. जुनी गाडी हाय, चालायचंच."

"ऑइल जातंय कुटं?"

"आं?"

"कमी हुतंय म्हनतोस. मग जातंय कुटं?"

"गळत तर कुटंच न्हाई. खाली थेंब न्हाई वस्ताद, आईशपत."

"मग पितंय कोन?"

उत्तमनं माझ्याकडं पाहिलं. मी वर टांगलेल्या इंजिनकडं पाहिलं.

वस्तादांचं बोट हळूच मागच्या पत्र्याकडं गेलं. इंजिन आणि माणसं बसायची जागा यांच्यामधला तो पत्रा. त्याच्यावरून ब्रेकचा पाइप आडवा जातो. त्या पाइपवर एका जागी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली होती, वरून चिकटपट्टी लावून.

"ह्ये काय?"

उत्तमचा आवाज एकदम मऊ झाला. "दोरा हाय. रंग उडाया नको म्हनून झाकून ठेवलाय."

"उघड बगू."

पिशवी निघाली. आत दोऱ्यांचा गड्डा होता, अंगठ्याएवढा जाड. खालचे दोरे काळेकुट्ट, वरचे तपकिरी, आणि सगळ्यांत वर यंदाच्या दसऱ्याचा, अजून लालभडक.

हा दोरा उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला गाड्या, हे सगळीकडंच असतं. पण उत्तमच्या दारात त्या दिवशी जुन्या मोटारींची रांग लागते. तो पूजेच्या ताटातला लाल दोरा घेतो, चालू इंजिनच्या मागं कोपरापर्यंत हात घालतो, आणि न बघता, नुसत्या बोटांनी त्या पाइपला गाठ मारतो. बघे तोंडाचा आ करून उभे राहतात. उत्तमचा दोरा बांधलेल्या गाडीला घात होत नाही, असं लोक म्हणतात. लोकांनी म्हणायच्या आधी उत्तम म्हणतो. माझ्या स्कूटरलाही बांधून घ्यायचं माझ्या मनात होतं. तिला इंजिनच्या मागं काही नाही, म्हणून राहिलं.

वस्तादांनी आपल्या उजव्या मनगटाकडं एकदा पाहिलं. तिथंही तसलाच गड्डा होता. दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तम वडणग्याला जाऊन, आपट्याची पानं देऊन, त्याच पूजेतला दोरा वस्तादांच्या मनगटावर बांधतो. आधीचा काढत नाही. त्याच्यावरच बांधतो.

"काप," वस्ताद म्हणाले.

"काय कापू?"

"दोरा."

उत्तमला ती चेष्टा वाटली. त्यानं माझ्याकडं बघून डोळा घातला. मग पुन्हा वस्तादांकडं पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं.

"वस्ताद... दसऱ्याचा हाय."

"दिसतंय."

"अंबाबाईच्या पायावर घालून आनतो मी."

"मग तिलाबी म्हाईत आसंल. काप."

उत्तमनं हॅक्सॉचं पातं उचललं. दोऱ्यापर्यंत नेलं. तिथंच त्याचा हात अडला. हजार बोल्ट कापलेला हात, पण पुढं सरकेना.

"माज्यानं हुनार न्हाई, वस्ताद. दुसरं काय बी सांगा. ह्या गाडीत उद्या माजी पोरगी बसनार हाय. आनि आज मी दोरा तोडू?"

"पोरगी बसनार हाय म्हनून."

"आवं, पयली गाठ तुमची हाय. तुमीच सुरू केलंय ह्ये. मी डोळ्यानं बघितलंय."

"माजी?"

वस्तादांनी गड्ड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी उत्तमच्या हातातलं पातं घेतलं.  पातं दोऱ्याला टेकलं तसा उत्तमनं चेहरा फिरवला. मीही खोक्यावरून उठलो. खोटं कशाला बोलू, मला ते बघवेना. देव मानणारा म्हातारा, उंबऱ्याच्या पाया पडून आत येणारा, आणि अंबाबाईचा दोरा भाजीच्या देठासारखा कापत होता.

एकेक थर सुटत गेला. लाल गेला, तपकिरी गेला. खालचे दोरे ओले होते. वस्तादांनी त्यातला एक चिमटीत पिळला. बोटं तेलकट झाली. त्यांनी बोटं उत्तमच्या नाकाशी नेली.

"काय हाय?"

उत्तमनं वास घेतला...

"ब्रेक ऑइल," तो हळू म्हणाला.

"मिळालं का पिनारं?"

शेवटचा थर, एक गाठ सोडली तर, दोरा राहिलाच नव्हता. काळा चिखल होता. वस्तादांनी तो नखानं खरवडला. खाली पाइप दिसला.

दिसला म्हणायचं. दोन्ही बाजूंना पाइप चांगला पेन्सिलीएवढा होता. दोऱ्याखाली मात्र तो गवताच्या काडीएवढा उरला होता. लाल खपल्या सुटून वस्तादांच्या तळव्यात पडत होत्या. पावसाचं पाणी बॉनेटच्या कडेनं बरोबर तिथंच ठिबकतं, हे मला नंतर कळलं. बाकीच्या पाइपवरून ते वाहून जायचं. दोऱ्यात मात्र मुरून राहायचं, वर्षानुवर्षं.

उत्तमचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस असा सहजी हरत नाही.

"गळत तर न्हाई अजून," तो म्हणाला. "धरलंय त्येनं."

"बस आत."

"कुटं?"

"गाडीत. स्टेरिंगवर बस."

उत्तम बसला. समोर बॉनेट नाही, इंजिन नाही. काचेतून त्याला थेट वस्ताद दिसत होते, रिकाम्या जागेवर वाकून उभे, पांढऱ्या सदऱ्यातले.

"बावड्याच्या घाटात हाईस," वस्ताद म्हणाले. "उतार हाय. वळनावर म्होरनं ट्रक आला. मागं बाई बसल्यात, तुजी बायकू हाय, पोरगी हाय. दाब."

उत्तमनं ब्रेक दाबला.

"आसा दाबतोस व्हय घाटात?"

उत्तमनं जीव खाऊन दाबला.

चर्र असा बारीक आवाज झाला आणि पिचकारी उडाली. वस्तादांचा सदरा छातीवर भिजला. पाइप मधून तुटून लोंबायला लागला.

आतून खट्ट आवाज आला. तो पॅडल तळाला टेकल्याचा होता.

साखळीवर इंजिन अगदी हलकं हलत होतं. ऑइल पडलं तिथं उत्तमचा नवा रंग सुरकुतायला लागला होता. एरवी त्यानं आरडाओरडा करून पाणी मागवलं असतं. आज त्याला ते दिसलंसुद्धा नाही.

तो तसाच बसून होता. पाय तळाला दाबलेला. दोन्ही हात स्टेरिंगवर. मी दार उघडून म्हणालो, "उत्तम, उतर." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला ओळखल्याचं काही दिसलं नाही.

"समुद्र बघायचा हाय म्हनली," तो म्हणाला. "सकाळी इचारत हुती, पान्यात जायाचं का म्हनून."



खूप वेळानं त्यानं पाय उचलला. पॅडल वर आलं नाही.

वस्ताद खाली बसले होते. पडलेल्या दोऱ्यांत काहीतरी शोधत होते. काळ्या चिखलातून त्यांनी एक गाठ निवडली, सदऱ्याच्या कोरड्या बाजूला पुसली आणि उजेडात धरली. चपटी गाठ होती. आमच्याकडं तशी दुसरं कुणी मारत नाही.

"माजीच हाय," ते म्हणाले.

उत्तम त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"मी म्हनलं न्हवं? तुमी बांधताना मी मागं उभा हुतो. दसरा हुता. बाईंची गाडी पूजेला आलती. तुमी मागं हात घातला, उगंच थोडा वेळ गप्प ऱ्हायलासा, ताटातला दोरा उचलला आनि बांधला. फुडच्या वर्षी तुमी आजारी. मग मी बांधला."

"मी का बांधला त्ये इचारलंस?"

"देवाचा दोरा वस्ताद. त्यात इचारायचं काय?"

"बोटाला गंज लागला हुता," वस्ताद म्हणाले. "बारीकच. पन तितं इंजिन आत आसताना पाना लागत न्हाई. कवातरी इंजिन निघंल, तवा ह्यो पाइप बदलायचा. ध्यानात ऱ्हावं म्हनून खुनंची गाठ मारली. जवळ दुसरं काय न्हवतं. ताट हुतं."

 मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. ज्याला आम्ही सगळे एवढी वर्षं नमस्कार करत आलो, ती एक राहिलेल्या कामाची खूण होती.

"तुमी सांगितलं न्हाई," उत्तम शेवटी म्हणाला.

"तू इचारलं न्हाईस."

"...तुमी सांगाया पायजे हुतं वस्ताद."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "पायजे हुतं."

त्यांनी ती गाठ डोळ्यांना लावली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले. झालं, आता नवा पाइप घालायचा आणि साखळी सोडायची, असं मला वाटलं. वस्तादांनाही तसंच वाटलं असावं.

उत्तम मात्र उठला नाही.

"वस्ताद..."

"काय?"

"मी सगळ्यास्नी बांधलाय."

"काय बांधलाय?"

"दोरा. गावातल्या सगळ्या जुन्या गाड्यांस्नी. ह्याच जागी. त्यातल्या येकाचंबी इंजिन आजून निघालं न्हाई, म्हनून तुमास्नी दिसलं न्हाई. लोक मागून घेत्यात. सांगलीसनं येत्यात."

वस्ताद अर्धे उठले होते. ते पुन्हा खाली बसले.  हा माणूस मी गाडीखाली बोट चेंगरताना बघितलाय, तेव्हा त्यानं फक्त "पाना दे" म्हटलं होतं. आता त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

"मी येक बांधला हुता," ते म्हणाले.

बाहेर रस्त्यावर कुठल्याशा मोटारीचा जुना, जाडा भोंगा वाजला. आम्ही तिघंही दचकलो.

उत्तम उठला. खिशातून फोन काढला. बराच वेळ तो हातात धरून नुसता उभा राहिला. फोनमध्ये काय बोलावं लागणार, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. हे नाव मिळवायला त्यानं उभी जवानी घातली होती, आणि ते नाव त्याच्याच तोंडानं खाली उतरवायचं होतं.

"तुमी सांगा की फोनवर," तो वस्तादांना म्हणाला. "तुमचं ऐकतील. काय बी सांगा. गाड्या तपासाया बोलावल्यात म्हना."

वस्तादांनी खाली मान घातली.

उत्तमनं पहिला फोन लावला.

"सायेब, उत्तम चौगुले बोलतोय. गाडी कुटं हाय तुमची? ... चालवू नका. जाग्यावर ठेवा. ... न्हाई, ब्रेक. मी बांधतो न्हवं त्यो दोरा, त्येच्या खाली पाइप कुजतोय. ... व्हय. मीच बांधलाय. ... व्हय, माजीच चूक. यिऊन बदलून देतो."

तिकडून काय ऐकावं लागलं ते मला कळलं नाही. उत्तमचे कान लाल झाले. त्यानं दुसरा लावला. मग तिसरा. प्रत्येक वेळी तेच सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. एक जण हसला असावा, कारण उत्तम म्हणाला, "चेष्टा न्हाई दादा. पाया पडतो, गाडी भायेर काढू नका." एकाची गाडी वाटेत होती. त्याला त्यानं रस्त्याच्या कडेला उभी करायला लावली आणि ती उभी राहिल्याचं ऐकेपर्यंत फोन सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंना त्यानं सगळ्यांत शेवटी फोन केला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज वाढवला होता. मलाही ऐकू आलं.

"म्हणजे गेल्या पावसाळ्यात तू मला जोतिबाला नेलंस, तेव्हाही असंच होतं?"

"...व्हय बाई."



"ताईला सांगते उशीर होईल म्हणून," बाई म्हणाल्या. "थांबेल ती. तू पोरीला काही सांगू नकोस."

फोन बंद झाला.

उत्तम परत आला. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे पसरले होते. ते त्यानं न तुडवता ओलांडले. तो वस्तादांसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्यांचे पाय धरायला हात पुढं केले.

वस्तादांनी पाय मागं घेतले.

"तुमी नसता तर..." उत्तम म्हणाला. "तुमी आज नसता वस्ताद, तर काय झालं आसतं? देवासारखं आलासा."

हे ऐकून वस्ताद दचकले. मगाशी पिचकारी उडाली तेव्हासुद्धा ते असे दचकले नव्हते. त्यांनी उत्तमकडं पाहिलं, मग लोंबणाऱ्या पाइपकडं, मग पुन्हा उत्तमकडं.

जमिनीवर पडलेलं पातं त्यांनी उचललं आणि उत्तमच्या हातात दिलं. उजव्या हाताची बाही वर सारली. मनगटावरचा गड्डा उघडा झाला, खालून काळा, वरून यंदाचा लाल. तो हात त्यांनी उत्तमच्या पुढ्यात धरला. 

"ह्यो बी काप," वस्ताद म्हणाले. "खाली काय झालंय, बगू."